शाळेच्या भिंतीतलं ॲस्बेस्टॉस: राहू द्यायचं कधी, काढायचं कसं

शाळेच्या इमारतीत ॲस्बेस्टॉस आहे असं कळलं की पालकसभेत दोन आवाज उठतात. एक म्हणतो, उद्याच्या उद्या सगळं उखडून टाका. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं मुलं त्याच छताखाली शिकली, कुणाला काय झालं? पहिल्या आवाजामागची काळजी खरी आहे, पण घाईघाईने उखडलेलं ॲस्बेस्टॉस हे धड अवस्थेत जागच्या जागी असलेल्या ॲस्बेस्टॉसपेक्षा कितीतरी घातक ठरतं. दुसरा आवाज सरळ चुकीचा आहे. या पदार्थामुळे होणारे आजार साधारण २० ते ५० वर्षांनी समोर येतात. आज पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलीच्या फुप्फुसात काय गेलं, ते ती चाळिशी-पन्नाशीला पोचेल तेव्हा कळेल.

या दोन्हींपेक्षा वेगळा रस्ता आहे. तो कंटाळवाणा आहे आणि त्याला शिस्त लागते. इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचं, लिहून ठेवायचं, ते लिखाण भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसापर्यंत पोचवायचं, ठरावीक काळाने पुन्हा पाहायचं, आणि काढायचंच ठरलं तर पूर्ण तयारीनिशी काढायचं. शाळांमधले बहुतेक अपघात कुणीतरी मुद्दाम निष्काळजीपणा केला म्हणून होत नाहीत. हातात ड्रिल असलेल्या माणसाला पुढ्यातल्या बोर्डात काय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून होतात.

पदार्थ कोणता, आणि तो शाळांत आला कसा

ॲस्बेस्टॉस हे एकाच खनिजाचं नाव नाही. तंतुमय रचनेच्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून ते म्हणतात. त्यातली तीन मोठ्या प्रमाणावर वापरली गेली: क्रायसोटाइल म्हणजे पांढरं, अमोसाइट म्हणजे तपकिरी आणि क्रोसिडोलाइट म्हणजे निळं. हा दगड कापसासारखा पिंजता येतो. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता आणि आवाज अडवतो, सिमेंटात मिसळला की पातळ पत्र्यालाही ताकद देतो. शिवाय स्वस्त. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांना थोड्या काळात थोड्या पैशांत हजारो शाळा बांधायच्या होत्या. त्या गरजेला हा पदार्थ इतका चपखल बसला की १९५० ते १९८० या काळातल्या शाळांमध्ये तो छतापासून फरशीपर्यंत सगळीकडे शिरला. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये सुरू झालेली ‘क्लास्प’ नावाची पद्धत याचं ठळक उदाहरण. पोलादी सांगाडा उभा करायचा, त्यावर तयार फलक बसवायचे, आणि आगीपासून संरक्षण म्हणून खांबांभोवती ॲस्बेस्टॉसचे बोर्ड लावायचे. पुढे असं लक्षात आलं की दार आपटलं किंवा खांबाच्या आवरणाला धक्का बसला तरी फटींमधून तंतू वर्गात येऊ शकतात.

धोका माहीत नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. १८९८ मध्येच ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी आपल्या अहवालात या धुळीच्या दुष्परिणामांबद्दल लिहिलं होतं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातल्या रुग्णांवरून मेसोथेलिओमा या कर्करोगाशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. तरीही ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी प्रकारावर बंदी यायला १९८५ उजाडलं, पांढऱ्यावर यायला १९९९. ऑस्ट्रेलियात संपूर्ण बंदी २००३ च्या अखेरीस आली. अमेरिकेने क्रायसोटाइलवर बंदीचा नियम केला तो थेट २०२४ मध्ये. भारतासह काही देशांत क्रायसोटाइल घातलेले सिमेंटचे पत्रे आजही विकत मिळतात. म्हणून ‘इमारत नवी आहे, काळजी नाही’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी खरं ठरत नाही.

फुप्फुसात गेल्यावर

ॲस्बेस्टॉसला हात लावला म्हणून आजार होत नाही. ते भिंतीत आहे म्हणूनही होत नाही. त्याचे सुटे तंतू हवेत येऊन श्वासावाटे आत गेले की धोका सुरू होतो. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, त्यांनी खोकला येत नाही, घसा खवखवत नाही. सर्वांत बारीक तंतू माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतो. इतके हलके तंतू एकदा उडाले की खिडक्या बंद असलेल्या खोलीतही तासन्‌तास तरंगत राहतात, खाली बसतात, आणि कुणी झाडू मारला की पुन्हा वर येतात.

साधी धूळ नाकात, घशात अडते. हे तंतू फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे बाहेरचे कण गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात, पण लांब तंतू त्या पेशीत मावत नाही. पेशी त्याला गिळायला जाते, अर्धवट अडकते, दाह निर्माण करणारी रसायनं सोडते आणि मरते. तंतू तसाच राहतो, दुसरी पेशी येते. वर्षानुवर्षं चाललेल्या या झटापटीतून ऊतींवर व्रण पडतात आणि पेशींमधल्या जनुकांना इजा होते. फुप्फुस कडक होत जाण्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो सहसा कारखान्यात वर्षानुवर्षं भरपूर धूळ खाल्लेल्या कामगारांना होतो. फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि धूम्रपानाची जोड असेल तर त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटातल्या आवरणाचा कर्करोग. तो तुलनेने कमी संपर्कानेही होऊ शकतो आणि निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती फार वेळ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगभरात दरवर्षी २ लाखांहून अधिक माणसं मरतात. सहाही प्रकार कर्करोगकारक आहेत. पांढरं ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असतं, हा विकणाऱ्यांचा दावा आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला तो मान्य नाही.

शाळांचा प्रश्न वेगळा का, याचं उत्तर वयात आहे. ब्रिटनच्या कर्करोगकारक पदार्थांवरच्या तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये मांडलेला हिशेब असा: तेवढ्याच संपर्काने पाचव्या वर्षी तंतू श्वासात गेलेल्या मुलाला आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याची शक्यता तिसाव्या वर्षी संपर्क आलेल्या माणसाच्या सुमारे पाचपट असते. मुलांची फुप्फुसं जास्त नाजूक असतात का, यावर ही समिती ठाम बोलली नाही. कारण साधं आहे: मुलांपुढे जगायची वर्षं जास्त असतात, त्यामुळे आजाराला वाढायला वेळ जास्त मिळतो. त्याच इमारतीत तीस वर्षं शिकवणारे शिक्षक आणि रोज झाडलोट करणारे कर्मचारी यांचा संपर्कही हिशेबात धरायला हवा. त्यांचा विचार नेहमी शेवटी होतो.

कुठे शोधायचं

धोक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: हाताने चुरडलं तर भुगा होतो का? तुळयांवर आणि छताला फवारलेला मऊ थर, बॉयलरच्या आणि गरम पाण्याच्या पाइपांवरचं जाड लेपन, ही सगळ्यांत वाईट ठिकाणं. त्यांत ॲस्बेस्टॉसचं प्रमाण प्रचंड असतं आणि नुसता धक्का लागला तरी तंतू सुटतात. त्याखालोखाल येतात ॲस्बेस्टॉसचे उष्णतारोधक बोर्ड. ते दिसायला साध्या जिप्सम बोर्डासारखे असतात आणि शाळांमध्ये खरा घोळ तेच करतात. फॉल्स सीलिंगच्या चौकटींत, खोल्यांमधल्या हलक्या भिंतींत, दारांच्या आत, खिडकीखालच्या फलकांत, हीटरच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत ते सापडतात. मुलांची चित्रं लावायला ज्या भिंतीवर वर्षानुवर्षं टाचण्या टोचल्या जातात, तीच कधीकधी या बोर्डाची निघते. अशा भिंतीवर टाचणी, खिळा, स्टेपलर यांतलं काहीही चालत नाही.

सिमेंटचे पन्हळी पत्रे, पन्हळी, पाण्याचे पाइप, टाक्या यांत ॲस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के असतं आणि ते सिमेंटात घट्ट बांधलेलं असतं. पत्रा धड असेल तोवर तंतू फारसे सुटत नाहीत. तो फुटला, कापला, घासला किंवा उन्हापावसात वर्षानुवर्षं झिजून वरचा थर खरवडला गेला, की चित्र बदलतं. जुन्या व्हिनाइलच्या फरश्या आणि त्यांच्याखालचा काळा डिंक, छतावरचे खरबरीत रंग, प्रयोगशाळेतल्या जुन्या जाळ्या आणि प्रयोगातले वायू बाहेर खेचणाऱ्या धूरकपाटांचे अस्तर, नाट्यगृहाचा आगरोधक पडदा, आग विझवायचं जुनं घोंगडं, भट्टीच्या दाराची दोरी, या जागाही तपासाव्या लागतात. प्रयोगशाळेतली जाळी बर्नरवर ठेवून मुलं स्वतःच्या हाताने हाताळत, म्हणून जुन्या कपाटांच्या तळाशी पडलेलं सामान जाणकाराकडून पाहून घेणं फार गरजेचं आहे.

नुसतं पाहून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. रंगावरून तर नाहीच. प्रशिक्षित माणूस संशयित जागा ओली करून अगदी छोटा तुकडा काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो, काढलेली जागा लगेच बुजवतो, आणि प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासला जातो. शिक्षकाने किंवा शिपायाने ‘जरा बघू’ म्हणून तुकडा मोडून पाहू नये. जिथे नमुना घेणं शक्य नसतं, तिथे एकच नियम: उलट सिद्ध होईपर्यंत त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून वागायचं.

पाहणीचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. रोजच्या वापरात जिथे हात लागू शकतो त्या जागा पाहणारी पाहणी वेगळी. दुरुस्ती किंवा पाडकामाआधीची वेगळी. तीत भिंती फोडून, फरशी उचलून, पोकळ्यांत शिरून शोधावं लागतं आणि ती जागा रिकामी असतानाच करता येते. पहिल्या प्रकारच्या अहवालावर विसंबून भिंत पाडायला घेणं ही नेहमीची आणि अत्यंत धोकादायक चूक आहे.

नोंदवही कपाटात असेल तर ती नसल्यासारखीच

पाहणीतून एक नोंदवही तयार होते. कोणत्या खोलीत, कोणत्या वस्तूत, किती, कोणत्या अवस्थेत, कुणाच्या हाताला लागेल अशा जागी, फोटोसह आणि नकाशासह. त्यावरून व्यवस्थापनाचा आराखडा बनतो: कशावर नजर ठेवायची, काय झाकायचं, काय काढायचं, कोण जबाबदार. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने शाळांना हे बंधनकारक झालं. तिथे दर सहा महिन्यांनी डोळ्यांखालून घालायचं, दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त निरीक्षकाकडून पुन्हा तपासून घ्यायचं, शाळेने एक जबाबदार व्यक्ती नेमायची, देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना किमान दोन तासांचं प्रशिक्षण द्यायचं आणि आराखडा कुठे पाहायला मिळेल ते पालकांना व शिक्षकांना दरवर्षी कळवायचं, असे नियम आहेत. ब्रिटनमध्येही इमारतीची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याच्यावर ॲस्बेस्टॉसचं व्यवस्थापन करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

कागद असला म्हणजे काम झालं, असं समजून बसल्यावर काय होतं ते न्यूयॉर्कने १९९३ मध्ये अनुभवलं. तिथल्या सरकारी शाळांमधल्या आधीच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत असं उन्हाळ्यात उघड झालं आणि शेकडो इमारती पुन्हा तपासायची वेळ आली. सप्टेंबरमध्ये शाळा ठरल्या दिवशी उघडता आल्या नाहीत. सुमारे १० लाख विद्यार्थी घरी बसले. ॲस्बेस्टॉस त्या इमारतींत आधीपासूनच होतं. गोंधळ उडाला तो नोंदींवरचा विश्वास उडाल्यामुळे.

माझ्या मते शाळेने एवढी एकच सवय लावून घेतली तरी निम्मा धोका टळेल: इमारतीत काम करायला येणाऱ्या प्रत्येकाने नोंदवही पाहून सही केल्याशिवाय हत्यार बाहेर काढायचं नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, प्रोजेक्टर टांगणारा, सीसीटीव्ही बसवणारा, इंटरनेटची केबल ओढणारा, रंगारी, सगळे. ‘दोनच भोकं पाडायचीत’ हे कारण चालवून घ्यायचं नाही. फॉल्स सीलिंगची एक चौकट सरकवून वर डोकं घालणं हेसुद्धा काम आहे. वर बसलेली धूळ त्याच क्षणी खाली वर्गात येते. आणि रविवारी परस्पर येऊन काम उरकणाऱ्या ठेकेदाराला चावी देणाऱ्यालाही हे माहीत असायला हवं.

ठेवायचं की काढायचं

वस्तू धड आहे, बंदिस्त आहे, मुलांच्या हाताला लागत नाही, आणि त्या जागी लवकर काही काम निघणार नाही, तर ती तिथेच ठेवून लक्ष ठेवणं हा बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो. थोडी खराब झाली असेल तर दोन मार्ग आहेत. एक, खास लेप देऊन पृष्ठभाग सील करणं. दुसरा, तिच्याभोवती पक्कं आवरण उभं करणं. दोन्हींत ॲस्बेस्टॉस आतच राहतं, म्हणून नोंद आणि नजर कायम ठेवावी लागते. लेप देताना आधी घासून साफ करायची सवय रंगाऱ्याला असते. इथे तेच अजिबात करायचं नाही.

काढायला हवं ते चुरा होणारं, फुटलेलं, पाणी झिरपून फुगलेलं, चेंडू लागेल किंवा दप्तरं घासतील अशा जागेवरचं, आणि दुरुस्तीच्या कामाच्या वाटेत येणारं. यापुढे जाऊन मी असंही म्हणेन की शाळांमधलं ॲस्बेस्टॉस कायमचं तिथेच ठेवण्याची योजना ही योजना नव्हे. इमारती म्हाताऱ्या होतात, मुलं दर वर्षी नवी येतात, नोंदवही सांभाळणारी माणसं निवृत्त होतात. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने २०२२ मध्ये सार्वजनिक आणि व्यावसायिक इमारतींमधलं सगळं ॲस्बेस्टॉस ४० वर्षांत काढण्याची मुदत ठरवावी अशी शिफारस केली. सरकारने मुदत मान्य केली नाही. पोलंडने मात्र देशभरातलं ॲस्बेस्टॉस २०३२ पर्यंत काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. मोठी डागडुजी, छत बदलणं, वायरिंग नव्याने करणं अशा प्रत्येक संधीला एकेक भाग योग्य पद्धतीने मोकळा करत गेलं, तर एक दिवस इमारत खरोखर मोकळी होते.

काढण्याचं काम कसं चालतं

चुरा होणारे थर, लेपन आणि उष्णतारोधक बोर्ड काढणं हे परवानाधारक पथकाचं काम आहे. साध्या ठेकेदाराने मजुरांच्या तोंडाला रुमाल बांधून करण्यासारखं ते नाही. वेळ लांब सुटीची निवडायची, आणि सुटीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत काम रेंगाळणार नाही एवढी मोकळीक ठेवायची. हवेची चाचणी नापास झाली तर पुन्हा साफसफाई करायला दिवस लागतात, आणि शाळा सोमवारी उघडायची आहे हा दबाव चाचणी घेणाऱ्यावर येता कामा नये.

आधी खोलीतलं सामान बाहेर काढतात, पंखे आणि वातानुकूलन बंद करून झरोके बुजवतात. मग जाड प्लॅस्टिकच्या कागदाने खोलीच्या आत दुसरी हवाबंद खोली उभी राहते. तिला जोडलेलं यंत्र आतली हवा हेपा गाळणीतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीतून, सतत बाहेर खेचतं. त्यामुळे आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. कुठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. काम सुरू करण्याआधी आत धूर सोडून गळती तपासतात. कामगारांना आत-बाहेर करायला ओळीने तीन कप्पे असतात: मळक्या कपड्यांचा, अंघोळीचा आणि स्वच्छ कपड्यांचा. अंगावर एकदाच वापरून टाकायचा पोशाख आणि तोंडावर घट्ट बसणारा पूर्ण चेहऱ्याचा श्वसनयंत्राचा मुखवटा असतो. मुखवटा चेहऱ्याला बसतो की नाही याची प्रत्येकासाठी वेगळी चाचणी होते. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. शस्त्रक्रियेचा कापडी मास्क इथे कुचकामी आहे.

मग येते पाण्याची पाळी. कोरडं ॲस्बेस्टॉस उडतं, ओलं उडत नाही, म्हणून पाणी नीट मुरावं यासाठी त्यात साबणासारखं द्रव्य घालून ते फवारतात. जाड लेपनात तर सुयांनी आतपर्यंत सोडतात. बोर्ड फोडून न काढता स्क्रू सोडवून अख्खा उतरवतात. ग्राइंडर, करवत, वेगवान ड्रिल यांना मज्जाव असतो. निघालेला माल तिथल्या तिथे पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर धोक्याची खूण.

खरी कसोटी शेवटी असते आणि घाईत नेमकी तीच कापली जाते. काम करणाऱ्या पथकाशी आर्थिक संबंध नसलेल्या विश्लेषकाने आत जाऊन आधी डोळ्यांनी कोपरान्‌कोपरा पाहायचा: तुळईच्या वरची बाजू, पाइपाची मागची बाजू, स्क्रूची भोकं. धूळ दिसली तर चाचणी थांबली, पुन्हा सफाई. सगळं स्वच्छ आणि कोरडं असेल तरच हवेचे नमुने, तेही पृष्ठभाग मुद्दाम झटकून, कारण शांत हवेत सगळंच चांगलं दिसतं. ब्रिटनमध्ये खोली मोकळी ठरवायचा आकडा दर मिलिलीटर हवेत ०.०१ तंतू असा आहे. हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो, पण एका घनमीटरला तो १०,००० तंतू होतो. म्हणजे चाचणीत पास होणं म्हणजे तंतू शून्य, असा अर्थ नाही. म्हणूनच डोळ्यांनी केलेली तपासणी हवेच्या चाचणीइतकीच महत्त्वाची. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कामगारांसाठीची मर्यादा ०.१ वरून ०.०१ वर आणली, म्हणजे दहापट कडक केली. नियम कोणत्या दिशेने चालले आहेत ते यावरून दिसतं.

छताचे पत्रे

सिमेंटच्या पत्र्यांना एवढा मोठा बंदिस्त तंबू सहसा लागत नाही, पण काळजी तितकीच लागते. मुलं आवारात नसताना, वारा नसलेल्या दिवशी, खालची जागा रिकामी करून आणि प्लॅस्टिक अंथरून काम करायचं. पत्रे भिजवायचे, नटबोल्ट सोडवायचे किंवा कापायचे, पत्रा अख्खा हातोहात खाली उतरवायचा. वरून फेकायचा नाही, खाली आल्यावर तुकडे करून रचायचे नाहीत. शेवाळ घालवण्यासाठी जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुणं म्हणजे झिजलेल्या थरातले तंतू सगळ्या परिसरात आणि नाल्यात पसरवणं. जुन्या छतावरून पडणारं पाणी पन्हळीत आणि पागोळ्यांखालच्या मातीत तंतू साठवत असतं, म्हणून ती पन्हळ आणि मातीसुद्धा कामात धरावी.

आणखी एक धोका आहे ज्याचा तंतूंशी संबंध नाही. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्यावर पाय ठेवून आरपार खाली पडून माणसं मेली आहेत. फळ्या, आधार आणि सुरक्षेचा पट्टा नसेल तर कुणीही वर चढू नये. चेंडू काढायला चढणारा मुलगाही नाही.

काढलेलं जातं कुठे

पिशव्यांमध्ये बंद केलेला हा माल घातक कचऱ्यासाठी मान्यता असलेल्या भरावाच्या जागीच पुरायचा असतो, आणि शाळेने तिथे पोचल्याची पावती मागून घ्यायची असते. तो राडारोड्यात मिसळला, शाळेमागे रचून ठेवला किंवा ‘कामाला येतील’ म्हणून कुणाला गोठ्यासाठी दिला, तर धोका फक्त पत्ता बदलतो. २०२४ च्या सुरुवातीला सिडनीत एका नव्या उद्यानातल्या झाडांभोवती पसरलेल्या लाकडाच्या चुऱ्यात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे तुकडे सापडले. शोध घेता घेता तसाच चुरा शहरातल्या डझनावारी ठिकाणी निघाला, त्यांत शाळाही होत्या. कुठल्याशा इमारतीतून निघालेला तुकडा पुन्हा मुलांच्या खेळण्याच्या जागी येऊन पडला होता.

अचानक काही फुटलं तर

कपाट सरकवताना बोर्डाला भगदाड पडलं, छताची चौकट कोसळली, वादळात पत्रा फुटला. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे प्रत्येक शिक्षकाला आधीच ठाऊक असावं. मुलांना शांतपणे बाहेर काढायचं, दप्तरं तिथेच राहू द्यायची. पंखे, वातानुकूलन बंद. दार लावून कुलूप, फटीला टेप. झाडू मारायचा नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. त्याच्या पिशवीतून बारीक तंतू आरपार निघून सगळ्या खोलीभर उडतात. कुणाच्या कपड्यांवर धूळ पडली असेल तर कपडे न झटकता काढून पिशवीत बांधायचे, अंग आणि केस धुवायचे, मोठ्यांनी मुलांना धीर द्यायचा. त्यानंतर जाणकार येईपर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नाही, ‘फक्त हजेरीपट आणायला’ सुद्धा नाही.

मग पालकांना त्याच दिवशी सांगायचं. काय फुटलं, किती वेळ, खोलीत कोण होतं, पुढे काय करणार. एकदा थोडा वेळ आलेल्या संपर्काचा धोका सहसा खूप कमी असतो आणि हे डॉक्टरांनी पालकांना समजावून सांगायला हवं. लगेच छातीचा एक्स-रे काढून काही दिसत नाही, त्यामुळे मुलांना रांगेत उभं करून तपासण्या करण्यात अर्थ नाही. शाळेने लपवलं आणि नंतर बाहेर आलं, तर मात्र पालक पुढचं खरं सांगणंही ऐकून घेत नाहीत.

अशा प्रत्येक घटनेची नोंद मुलांच्या नावांसह ठेवावी. काढण्याच्या कामाचे अहवाल, हवेच्या चाचण्यांचे निकाल, कचऱ्याच्या पावत्या आणि सुधारलेली नोंदवही तिच्यासोबत जपावी, कागदावर आणि संगणकावर दोन्हीकडे. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवाव्या लागतात. मुलांच्या नोंदींसाठी शाळेने त्याहून कमी मुदत धरण्याचं काहीच कारण नाही.